ऑलिंपीडिया : नावापुढचा सक्तीचा रकाना

आमच्या गावातील एका माध्यमिक शाळेत दरवर्षी १५ जानेवारीला, म्हणजे खाशाबा जाधव यांच्या जन्मदिनी, क्रीडाविषयक प्रश्नमंजूषा होते आणि तिचे प्रश्न काढण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एका वर्षी मी प्रश्न घातला होता : 'भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले?' उत्तर अर्थातच खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, असे मी धरून चाललो होतो. नववीतील एका मुलीने 'नॉर्मन प्रिचर्ड, पॅरिस, १९००' असे उत्तर लिहिले, मी त्यावर फुली मारली आणि बक्षीस समारंभ संपल्यावर तिचे वडील अतिशय नम्रपणे हातात मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. प्रश्नात 'स्वतंत्र' हा शब्द घालायला मी विसरलो होतो. गुण द्यावे लागले, आणि ते योग्यच झाले.

त्या मोबाईलवर उघडलेले संकेतस्थळ म्हणजे ऑलिंपीडिया. त्यानंतर प्रश्न काढताना मी त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाही. त्याचे परीक्षण लिहायला बसल्यावर मात्र असे लक्षात आले की, या सेवेविषयी बोलताना एक जुना वाद टाळताच येत नाही : खेळाडूने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोणत्या तरी देशाच्या नावानेच उतरले पाहिजे का? हे संकेतस्थळ त्या वादाची बाजू घेत नाही. ते फक्त नोंदी दाखवते; पण त्या नोंदी ओळीने वाचत गेले की आपली बाजू आपोआप ठरू लागते.

आधी सेवेविषयी. ऑलिंपीडिया म्हणजे १८९६ पासूनच्या ऑलिंपिक स्पर्धांमधील खेळाडूंची, निकालांची, क्रीडास्थळांची आणि अधिकाऱ्यांची माहिती साठवणारा प्रचंड कोश आहे. तो कोणा सरकारी खात्याने बसून तयार केलेला नाही. ऑलिंपिकच्या वेडाने झपाटलेल्या अभ्यासकांच्या एका लहानशा गटाने तो वर्षानुवर्षे रचत आणला, आणि त्या गटातील एक प्रमुख नाव असलेले अमेरिकेचे बिल मॅलन हे मूळचे व्यावसायिक गोल्फपटू व नंतर अस्थिरोगतज्ज्ञ शल्यविशारद. हाडे जोडता जोडता या गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वीचे निकालही जोडले, असे म्हणायला हरकत नाही. २०२० पासून हा कोश सर्वांसाठी खुला आहे, वर्गणी नाही. भाषा मात्र इंग्रजीच आहे, त्यामुळे देवनागरीत नाव लिहून शोधण्याची सोय नाही आणि मराठी विद्यार्थ्याला शेजारी कोणी तरी बसवून घ्यावे लागते.

खेळाडूचे पान उघडले की प्रथम त्याचे पूर्ण नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, उंची-वजन, तो कोणत्या क्लबचा वा संस्थेचा होता ते, आणि मग एक छोटे चरित्र येते. ही चरित्रे हा या कोशाचा सर्वांत मोठा आनंद आहे, कारण पदक न मिळालेल्या माणसांचीही ती असतात. त्याखाली निकालांचा तक्ता येतो आणि त्या तक्त्यात प्रत्येक स्पर्धेसमोर एक रकाना असतो : राष्ट्रीय ऑलिंपिक समिती अथवा संघ. त्यात तीन अक्षरी संकेत. भारत, जपान, केनिया, काहीही असो, पण काही तरी असतेच. हा रकाना रिकामा असलेली ओळ मला अजून भेटलेली नाही.

त्या रकान्याच्या मथळ्यातच एक गोष्ट आहे, जी मी इतकी वर्षे क्रीडावृत्ते वाचूनही नीट ध्यानात घेतली नव्हती. तेथे 'देश' लिहिलेले नाही; 'समिती' लिहिलेले आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३ आणि राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या २०६, हा फरक केवळ हिशेबातला नाही. प्वेर्तो रिको हा अमेरिकेच्या अमलाखालील प्रदेश, तेथील लोक अमेरिकेचे नागरिक, तरीही २०१६ मध्ये रिओ येथे मोनिका प्विग हिने टेनिसमधील महिला एकेरीचे सुवर्ण जिंकले तेव्हा ते प्वेर्तो रिकोचे पहिले सुवर्णपदक म्हणून नोंदले गेले. तैवानचे खेळाडू 'चायनीज तैपेई' या नावाने उतरतात, जे नाव कोणत्याही देशाचे नाही. म्हणजे आपण ज्याला 'देशाचे प्रतिनिधित्व' म्हणून छाती फुगवतो, ते कागदावर एका समितीचे सदस्यत्व असते. ऑलिंपिकची सनद तर आणखी पुढे जाऊन स्पष्टच सांगते की, ही स्पर्धा खेळाडूंमधली आहे, देशांमधली नाही. सनदेतले हे वाक्य आणि पदकतालिकेवर दर चार वर्षांनी जमणारी गर्दी यांचा मेळ कसा घालायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुरुवातीला हा रकाना इतका कडक नव्हता, हेही येथेच कळते. १८९६ च्या अथेन्सच्या तक्त्यात टेनिस दुहेरीचे विजेते पाहा : आयर्लंडमध्ये जन्मलेला जॉन बोलंड आणि जर्मनीचा फ्रीडरिश ट्राउन, दोघे मिळून विजेते. बोलंड मुळात अथेन्स पाहायला गेला होता. त्या काळी हौशी माणसाने स्वतःचे नाव द्यावे आणि मैदानात उतरावे, इतके ते सोपे होते, आणि अशा जोड्यांसाठी नोंदी करणाऱ्यांना पुढे 'मिश्र संघ' असा एक वेगळा संकेत बनवावा लागला. १९०८ च्या लंडनपासून प्रवेशिका राष्ट्रीय समित्यांमार्फतच येऊ लागल्या, खेळाडू आपापल्या ध्वजामागे संचलन करू लागले आणि रकाना पक्का झाला. तो पक्का होत असतानाच एकाने विरोधही नोंदवला होता. १९०६ मध्ये अथेन्सलाच भरलेल्या स्पर्धेत आयर्लंडच्या पीटर ओकॉनरने लांब उडीत दुसरा क्रमांक मिळवला, त्याच्यासाठी ब्रिटनचा ध्वज चढवला गेला आणि हा पठ्ठ्या स्वतः खांबावर चढून आयर्लंडचा हिरवा झेंडा फडकवून आला.

प्रिचर्डचा घोळ याच सैल काळातला. कलकत्त्यात जन्मलेला हा इंग्रज तरुण पॅरिसला जाण्यापूर्वी इंग्लंडमधील स्पर्धांत धावला, मग पॅरिसला २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत अशा दोन रौप्यपदकांचा धनी झाला आणि पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांत अभिनय करू लागला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती त्याची पदके भारताच्या खात्यावर धरते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. स्वतः प्रिचर्डला यापैकी कोणते खाते आवडले असते, हे कोणी विचारलेले दिसत नाही. बहुधा त्याने दोन्ही झटकून 'मी धावायला गेलो होतो' एवढेच म्हटले असते, पण हा माझा तर्क.

आता त्या तक्त्यातील शेवटच्या एका लहानशा रकान्याकडे वळतो, कारण माझ्या मते या सेवेची खरी किंमत तेथे आहे. खेळाडू त्या वेळी कोणत्या नावाने उतरला होता, हे तेथे दिलेले असते. बहुतेकांच्या बाबतीत त्यात विशेष काही नसते. लग्नानंतर बदललेले आडनाव, एखादे लघुरूप, असेच काही. पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील मॅरेथॉनच्या विजेत्याकडे या. त्याचे नाव सोन की-चुंग, तो कोरियाचा. आणि ज्या नावाने त्याने ती शर्यत जिंकली ते 'कितेइ सोन', म्हणजे त्याच्याच नावाचा जपानी उच्चार, कारण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. ९ ऑगस्ट १९३६ रोजी त्याने २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याचाच देशबंधू नाम सुंग-योंग तिसरा आला. विजयमंचावर दोघेही मान खाली घालून उभे राहिले. सोनच्या हातात विजेत्यांना दिलेले ओकचे रोपटे होते आणि ते त्याने छातीवरच्या जपानी चिन्हासमोर धरले होते. कोरियातील 'दोंग-आ इल्बो' या वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापताना ते चिन्ह खोडून टाकले, तेव्हा वृत्तपत्र बंद करण्यात आले आणि तेथील पत्रकारांना तुरुंगात टाकण्यात आले.

पदक आजही जपानच्या खात्यावर आहे. नोंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण प्रवेशिका जपानच्या समितीची होती, आणि इतिहास सोयीप्रमाणे दुरुस्त करायला लागले तर कोश कशाला हवा. पण त्या एका ओळीत धावपटू खरा आहे, वेळ खरी आहे, क्रमांक खरा आहे आणि देश तेवढा खोटा आहे; आणि नेमका तो खोटा तपशीलच सक्तीचा होता. १९८८ मध्ये सोल येथे ऑलिंपिक भरले तेव्हा ७६ वर्षांचा सोन मशाल घेऊन मैदानात शिरला. पुढे १९९२ मध्ये, पुन्हा ९ ऑगस्टलाच, बार्सिलोनात ह्वांग यंग-चो याने दक्षिण कोरियासाठी मॅरेथॉन जिंकली, तेव्हा सोन प्रेक्षागारात होता. म्हणजे रकान्यातल्या शब्दाला किंमत नाही, असेही म्हणता येत नाही. त्या म्हाताऱ्या माणसासाठी तो शब्द ५६ वर्षे अडून राहिला होता.

आपल्याकडेही अशा ओळी आहेत. लतिफ-उर-रेहमान आणि अख्तर हुसेन हे दोघे हॉकीपटू १९४८ मध्ये लंडनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. त्यांच्या पानावर पुढे १९५६ ची नोंद आहे, मेलबर्नची, रौप्यपदकाची आणि पाकिस्तानची. आणि त्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० ने हरवणारा संघ भारताचाच होता. अली दारा यांचा प्रवास याआधीचा : १९३६ मध्ये बर्लिनला ध्यानचंद यांच्या संघातून सुवर्ण, १९४८ मध्ये लंडनला पाकिस्तानचे कर्णधारपद. तक्ता या सगळ्यावर काहीही भाष्य करत नाही. एका ओळीत एक संकेत, खालच्या ओळीत दुसरा, मध्ये एक बारीक रेघ. फाळणीवर पुष्कळ वाचले आहे, तरी ती रेघ पाहून मी काही वेळ पुढे सरकू शकलो नव्हतो.

गोव्याच्या वाचकांसाठी सेराफिनो अंताओ यांचे पान सुचवतो. मोंबासात जन्मलेला, गोवेकर आईवडिलांचा हा धावपटू १९६२ च्या पर्थ येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्ड अशा दोन्ही शर्यती जिंकला आणि केनियासाठी त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. आईवडिलांचे गाव ज्या भूमीत, ती १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात. स्वतः जन्मला ते बंदर ब्रिटिशांच्या ताब्यात. आणि रकान्यात ज्या केनियाचे नाव, तो केनिया पर्थच्या स्पर्धेच्या वेळी अजून स्वतंत्रही झालेला नव्हता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र केनियाचा ध्वज हाती घेऊन संचलनात पुढे चालला तो हाच अंताओ. येथे रकाना सक्तीचा वाटत नाही. तो त्याने आपणहून, छाती पुढे काढून भरलेला आहे. देशाच्या नावाने खेळणे ही केवळ नोकरशाहीची सोय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे पानही वाचावे.

एकाच खेळाडूची अनेक संकेतांत विभागलेली पाने शोधू लागले तर रात्र पुरत नाही. नेमबाज यास्ना शेकारिच हिने १९८८ मध्ये युगोस्लाव्हियासाठी सुवर्ण जिंकले, १९९२ मध्ये 'स्वतंत्र' खेळाडू म्हणून रौप्य, मग नव्या युगोस्लाव्हियासाठी एक रौप्य, सर्बिया व माँटेनेग्रोसाठी आणखी एक, आणि शेवटी ती सर्बियासाठी खेळली. पिस्तूल तेच, हात तोच. तिहेरी उडीची यामिले अल्दामा क्युबा, सुदान आणि ब्रिटन अशा तीन नावांनी ऑलिंपिकमध्ये उतरली. धावपटू मर्लिन ऑटीने नऊ पदके जमैकासाठी मिळवली आणि ४४ व्या वर्षी अथेन्सला ती स्लोव्हेनियासाठी धावली.

पण या सर्वांत मला जे पान सर्वांत बोलके वाटते ते ओक्साना चुसोवितिना हिचे. जिम्नॅस्टिक्समध्ये विशीनंतर निवृत्तीची भाषा सुरू होते, तेथे ही बाई आठ ऑलिंपिक खेळली. १९९२ मध्ये, सोव्हिएत संघ फुटल्यावर घाईने जुळवलेल्या एकीकृत संघाकडून तिला सांघिक सुवर्ण मिळाले. नंतरची तीन ऑलिंपिके ती उझबेकिस्तानकडून खेळली. २००२ मध्ये तिच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचार जर्मनीतील कोलोन येथे होऊ शकत होते, त्यासाठी पैसे हवे होते आणि पैसे मिळवण्याचे तिच्याकडे एकच साधन होते : तिचे शरीर आणि व्हॉल्टची, म्हणजे टेबलासारख्या उपकरणावरून मारायची, उडी. ती जर्मनीत राहिली, जर्मन नागरिक झाली, २००८ मध्ये बीजिंगला तिने जर्मनीसाठी व्हॉल्टचे रौप्य जिंकले, मुलगा बरा झाला, आणि मग ती पुन्हा उझबेकिस्तानकडे परतून २०१६ आणि टोकियोच्या स्पर्धेत, तीही वयाच्या ४६ व्या वर्षी, उतरली. तिला 'देश बदलणारी' म्हणायचे झाले तर म्हणता येईल. मला त्या तक्त्यात एक आई दिसते, जिच्याकडून प्रत्येक वळणावर नव्या समितीचा कागद मागितला गेला.

कागद मागण्याचे नियमही सांगितले पाहिजेत. एका समितीकडून खेळलेल्या खेळाडूला दुसरीकडून ऑलिंपिकमध्ये उतरायचे असेल तर साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. हा अवधी कमी करायचा तर जुन्या समितीची संमती लागते. केनियाचा स्टीव्हन चेरोनो २००३ मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या लांब शर्यतीत, जगज्जेता ठरला. २००४ मध्ये केनियाने संमती दिली नाही, म्हणून त्या क्षणी जगातला सर्वोत्तम असलेला हा धावपटू अथेन्स ऑलिंपिकमध्ये नव्हता, आणि तेथील तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली. त्याच उन्हाळ्यात शाहीनने ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, जो २०२३ पर्यंत टिकला. ऑलिंपीडियावर शोधत बसलात तर त्याच्या नावापुढे सुवर्ण सापडणार नाही. कोश जे घडले तेच नोंदवतो. जे घडू दिले गेले नाही, त्यासाठी त्याच्याकडे रकाना नाही.

अर्थात शाहीनच्या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे, आणि ती पैशाची आहे. तेलसंपन्न देशांनी आफ्रिकेतील तयार धावपटू घेऊन पदके मिळवण्याचा धंदाच सुरू केला होता, इतका की २०१७ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला देशबदल काही काळ पूर्ण थांबवावे लागले. अटी असाव्यात, हे मला मान्य आहे. पण अट 'कोणत्या तरी देशाचे असलेच पाहिजे' अशी असते तेव्हाच हा बाजार भरतो, हेही तितकेच खरे. केनियात स्पर्धा इतकी तीव्र की चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा धावपटूही जगातल्या पहिल्या दहांत असतो. एका शर्यतीत एका देशाचे तिघेच घेतात. मग चौथ्याने करायचे काय? त्याला स्वतःच्या नावाने धावता आले असते, तर त्याला दुसऱ्याचे नाव विकत घ्यावे लागले नसते.

येथे येऊन मला त्या कोशातील देश नसलेल्या नोंदींविषयी बोलले पाहिजे, कारण रकाना रिकामा नसला तरी त्यात देश नाही, अशा ओळी आता बऱ्याच झाल्या आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये ४७ वा आलेला गुओर मारियाल पाहा. दक्षिण सुदान नुकताच स्वतंत्र झालेला, त्याची ऑलिंपिक समितीच नव्हती. सुदानकडून धावण्याचा देकार आला तो त्याने नाकारला, कारण त्या गृहयुद्धात त्याने घरची माणसे गमावली होती. त्याला 'स्वतंत्र' म्हणून धावू दिले. २०१६ मध्ये कुवेतची समिती निलंबित होती, म्हणून तेथील सैनिक फहैद अल्-दैहानी याने डबल ट्रॅप नेमबाजीचे सुवर्ण 'स्वतंत्र' म्हणून जिंकले आणि त्याच्यासाठी कुवेतचे राष्ट्रगीत नव्हे तर ऑलिंपिक गीत वाजले. उद्घाटनाच्या संचलनात ऑलिंपिक ध्वज धरण्यास मात्र त्याने आधीच नकार दिला होता. कुवेतच्या सैनिकाने कुवेतचाच ध्वज धरायचा, असे त्याचे म्हणणे.

आपल्यावरही ही वेळ येऊन गेली आहे, हे आपण फार लवकर विसरलो. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निवडणुकांच्या गोंधळामुळे निलंबित झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथील हिवाळी स्पर्धेत शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तिघे तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले. तोवर केशवनची ल्यूज शर्यत, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत, उरकलेली होती. देश जागेवरच होता, खेळाडूही जागेवर होते, चूक केली ती मधल्या समितीने.

उलट टोकाला २०२४ चे पॅरिस आहे. रशिया आणि बेलारूसच्या ३२ खेळाडूंना 'वैयक्तिक तटस्थ खेळाडू' म्हणून उतरू दिले : ध्वज नाही, राष्ट्रगीत नाही, उद्घाटनात स्थान नाही, सांघिक खेळ नाहीत. ट्रॅम्पोलिनवर इव्हान लित्विनोविच याने सुवर्ण जिंकले तेव्हा शब्दांविना एक धून वाजली, आणि त्याचे पदक अधिकृत तालिकेत धरले गेले नाही. त्याच स्पर्धेत निर्वासितांचा संघ होता, ३७ जणांचा, आणि कॅमेरूनमध्ये जन्मून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुष्टियोद्धी सिंडी न्गांबा हिने त्या संघाला पहिले पदक मिळवून दिले. तायक्वांदोतील किमिया अलीझादेह हिच्या पानावर तर तीन ओळी तीन काळ सांगतात : २०१६ इराण, कांस्य, टोकियो, निर्वासित संघ, २०२४ बल्गेरिया, पुन्हा कांस्य.

या सगळ्या ओळी एकत्र ठेवल्यावर माझे मत बनले ते असे. देशाविना खेळण्याची सोय आज आहेच. ती अशक्य आहे, गोंधळ होईल, हा आक्षेप आता टिकत नाही. पण ती मिळते दोनच प्रकारे. एक तर शिक्षा म्हणून, तुमच्या समितीने किंवा सरकारने काही केले म्हणून. किंवा दया म्हणून, तुम्ही घर सोडून पळालात म्हणून. 'मला कोणाचे नाव लावायचे नाही, माझी पात्रता वेळ तेवढी पाहा' असे साधेपणाने म्हणणाऱ्या खेळाडूसाठी मात्र अर्जच नाही. तो असावा. ज्याने जागतिक पात्रता निकष स्वतःच्या बळावर गाठला आहे त्याला स्वतःच्या नावाने प्रवेश मिळावा, आणि लहान देशांसाठी राखून ठेवलेल्या जागा मात्र समित्यांकडेच राहाव्यात, कारण त्या जागांमुळेच एखाद्या बेटावरच्या जलतरणपटूला ऑलिंपिकचा तलाव पाहायला मिळतो.

यावर 'देशाने खर्च केला, मग देशाचे नाव नको?' असा प्रश्न हमखास येतो. खाशाबांचेच उदाहरण घ्या. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले, तो प्रवास कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने झाला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७००० रुपयांना गहाण टाकले. पदक 'भारत' या ओळीत आहे. न्यायाने पाहिले तर त्या रकान्यात कराड, गोळेश्वर आणि एका प्राचार्याचे घर असायला हवे होते. तरीही, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती ज्या भावनेने निघाली ती खोटी नव्हती, आणि खाशाबांना कोणी अर्ज पुढे केला असता तर त्यांनी 'भारत' हेच लिहिले असते याबद्दल मला शंका नाही. मुद्दा एवढाच की त्यांनी ते स्वतःहून लिहिले असते.

शिवाय देशांतर्गत स्पर्धांत आपण ही लवचिकता केव्हाच स्वीकारली आहे. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या वतीने धावतो, कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे रेल्वेच्या वतीने नेम धरतो. कोणीही त्यांना महाराष्ट्रद्रोही म्हणत नाही. रणजी करंडकात आपल्या एकाच राज्याचे तीन संघ आहेत. आणि ज्या वेस्ट इंडीज संघावर आपण पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकला, त्या नावाचा देश नकाशावर नाही. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला क्रिकेट येईल तेव्हा त्या संघाचे काय करायचे, हा पेच समित्यांच्या पुस्तकात अडकणार आहे, कारण बार्बाडोसची समिती आहे, जमैकाची आहे, वेस्ट इंडीजची नाही.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर या कोशाची मर्यादाही सांगतो : तो ऑलिंपिकपुरताच आहे. मुंबईकर सौरभ नेत्रावळकर २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे शिकायला अमेरिकेत गेला, संगणक अभियंता झाला आणि जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर अमेरिकेच्या कपड्यांत त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले. त्या रात्री आमच्या घरात टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारायचा, यावर एकमत झाले नव्हते. हे तुम्हाला ऑलिंपीडियावर मिळणार नाही. तसेच व्यावसायिक टेनिसच्या दौऱ्याचे तपशीलही नाहीत, जिथे २०२२ मध्ये विम्बल्डनने रशियन खेळाडूंना बंदी घातली आणि महिला एकेरी जिंकली ती मॉस्कोत जन्मून कझाकस्तानकडून खेळणाऱ्या एलेना रिबाकिनाने.

वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. नावांचे रोमन स्पेलिंग अनेक प्रकारे होते, तेव्हा भारतीय खेळाडू नावाने न सापडल्यास देश, वर्ष, खेळ या मार्गाने जावे. हॉकीच्या जुन्या संघांसाठी तर हाच रस्ता बरा. आणि चरित्र वाचल्याशिवाय तक्त्यावर विसंबू नये. तक्ता संकेत देतो, माणूस चरित्रात असतो. शिक्षक, क्रीडापत्रकार, प्रश्नमंजूषा घेणारे आणि घरात वादविवादाची हौस असलेले कोणीही, यांनी हे संकेतस्थळ जवळ ठेवावेच, अशी माझी निःसंकोच शिफारस आहे.

यंदाच्या प्रश्नपत्रिकेत मी तो जुना प्रश्न दुरुस्त करून पुन्हा घातला आहे : 'स्वतंत्र भारताच्या नावाने खेळून पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवले?' त्याखाली दुसरा प्रश्न आहे, एका गुणाचा, सोन की-चुंग कोणत्या देशाचा धावपटू होता असा, आणि त्याला मी दोन्ही उत्तरे बरोबर धरणार आहे.